चेगार: शीड की किनारा?

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात, गालिसियात, पोचण्याला 'चेगार' म्हणतात. शेजारच्या अस्तुरियासच्या पश्चिम भागातही चेगारच. मध्य भागात त्याचं 'ल्येगार' होतं. मूळ लॅटिन क्रियापद 'प्लिकारे', म्हणजे घडी घालणे. आरंभीच्या 'प्ल'चा 'च' करायची गालिसियन जिभेची जुनी खोडच: 'प्लोरारे'चं 'चोरार' म्हणजे रडणे, 'प्लुविया'चा 'चुबिया' म्हणजे पाऊस. त्याच प्लिकारेच्या गोतातला 'प्रेगा' मात्र अजून कापडाच्या चुणीलाच चिकटून आहे.

घडीवरून पोचण्याकडे भाषा गेली कशी? बंदर आलं की खलाशी शिडं गुंडाळतात, हे सर्वांचं लाडकं उत्तर. रोमेनियन भाषेत याच मुळातल्या क्रियापदाचा अर्थ नेमका उलटा, निघून जाणे. तिथे तंबू गुंडाळून कूच करणारे सैनिक पुढे केले जातात. दोन्ही गोष्टी इतक्या देखण्या, की मला त्यांचा जरा संशयच येतो.

कारण लॅटिनमध्ये 'आप्लिकारे' होतंच: टेकवणे, भिडवणे, जहाज किनाऱ्याला लावणे. (नोकरीसाठी आपण 'अप्लाय' करतो, तोही याच घरातला.) मराठीतही होडी किनाऱ्याला लागते आणि चालणाऱ्यालाही गाव लागतंच, तिथे शीड लागत नाही.

आणि शीड धरलं तर 'चेगा'चं काय करायचं? गालिसियात 'चेगा' म्हणजे पुरे, बास! 'आचेगार' म्हणजे जवळ आणणे, आणि 'आचेगा' म्हणजे एखाद्या कामाला लावलेला हातभार. भिडणे हा अर्थ मुळाशी ठेवला की सगळं सुरळीत लागतं: माणूस गावाला भिडतो, माप गरजेला भिडतं.

चौथ्या शतकाच्या अखेरीस एजेरिया नावाची यात्रेकरू सिनाई, जेरुसलेम पाहून आली. ती गालिसियाकडची असावी, असं बरेच अभ्यासक मानतात. मागे राहिलेल्या भगिनींसाठी तिनं लिहिलेलं प्रवासवर्णन १८८४ साली इटलीतल्या अरेत्झोत सापडलं. विद्वानांच्या घोटीव लॅटिनपेक्षा तिची भाषा बोलीला जवळची. त्यात समुद्राजवळ येण्यासाठी ती प्लिकारेच वापरते, आणि येते ती जहाजातून नव्हे, जमिनीवरून.

माझा कौल एजेरियाला. शिडाची गोष्ट जरूर सांगावी, पण व्युत्पत्ती म्हणून नाही.