आधी कोणतं पुस्तक?

ब्रँडन सँडरसनच्या कादंबऱ्या वाचणारी दोन माणसं भेटली की दोन विषय निघतातच. एक, त्या जगातली जादू नेमकी चालते कशी. दुसरा, पुस्तकं कोणत्या क्रमाने वाचायची. पोलाद जाळणाऱ्या माणसाची ताकद त्याच्या वजनावर किती अवलंबून असते यावर तास जातो, आणि 'वॉरब्रेकर' ही कादंबरी 'वर्ड्स ऑफ रेडियन्स'च्या आधी वाचायची की नंतर यावर दुसरा. बाहेरच्याला हे दोन वेगळे छंद वाटतील. मला मात्र वाटतं की प्रश्न एकच आहे: वाचकाला कोणती गोष्ट केव्हा कळावी? एकमेकींत गुंतलेल्या अद्भुत कादंबऱ्यांचं आज जे बरंवाईट चाललं आहे, ते याच प्रश्नाशी येऊन थांबतं.

सँडरसनची पहिली कादंबरी 'इलँट्रिस' २००५ साली आली. पुढच्या वर्षी 'मिस्टबॉर्न' मालिकेतली 'द फायनल एम्पायर', २००९ साली 'वॉरब्रेकर', २०१० साली 'स्टॉर्मलाइट आर्काइव्ह'चा पहिला खंड 'द वे ऑफ किंग्ज'. चार पुस्तकं, चार ग्रह, चार वेगळ्या जादू. पण पाठीमागे उत्पत्तीची कथा एकच. अ‍ॅडोनाल्सियम नावाची आदिशक्ती फुटली, तिचे सोळा अंश सोळा जणांनी घेतले आणि ते अंश जिथे जाऊन राहिले तिथे त्यांच्या स्वभावाप्रमाणे जादूने रूप घेतलं. या विश्वाला कॉस्मियर म्हणतात. होइड नावाचा एक इसम जवळजवळ प्रत्येक पुस्तकात डोकावून जातो. 'द फायनल एम्पायर'मध्ये तो भिकाऱ्याच्या वेषात आहे, 'वॉरब्रेकर'मध्ये गोष्ट सांगणारा, 'द वे ऑफ किंग्ज'मध्ये राजाचा विदूषक. सुरुवातीला एवढाच धागा होता, आणि तो दिसला नाही तरी कुणाचं काही अडत नव्हतं.

२००७ साली सँडरसनने एका निबंधात आपला पहिला नियम मांडला. त्याचा आशय असा: जादूने पेच सोडवायचा असेल, तर ती जादू वाचकाला जितकी नीट कळलेली असेल तितकाच तो सुटणं पटतं. पुढे आणखी दोन नियम आले. शक्तीपेक्षा तिच्या मर्यादा महत्त्वाच्या; आणि नवं काही घालण्याआधी जे आहे ते खोलवर वापरा. आज इंग्रजीत अद्भुत कादंबरी लिहू पाहणाऱ्या नवख्याच्या कानावर हे तीन नियम पडले नाहीत असं सहसा होत नाही.

हे नियम कथेत कसे उतरतात ते 'द फायनल एम्पायर'मध्ये पाहावं. राखेच्या पावसात बुडालेल्या लुथडेल शहरात व्हिन ही चोरांच्या टोळीत वाढलेली मुलगी धातू गिळून पोटात 'जाळायला' शिकते. पोलाद जाळलं की जवळचा धातू दूर ढकलता येतो, लोखंड जाळलं की ओढता येतो. तोही सरळ रेषेत, शरीरापासून थेट दूर किंवा थेट आत. नाणं जमिनीवर टाकून ढकललं तर नाणं आधीच जमिनीला टेकलेलं, मग ढकलली जाते ती व्हिन, थेट छपरांच्या वर. शाळेत शिकलेला न्यूटनचा तिसरा नियम इथे धुक्यातल्या उड्डाणाचं सुख होऊन येतो. ती पहिल्यांदा उडते त्या प्रकरणात माहिती किती आहे हे वाचताना ध्यानातही येत नाही, कारण आपण कुणावरही विश्वास न टाकणाऱ्या एका पोरीला पहिल्यांदा मोकळं होताना पाहत असतो. शिकवणी आणि स्वभावचित्रण एकाच वाक्यात चालतं. पुढे सम्राटाच्या अमरत्वाचं कोडं सुटतं तेही वाचकाला आधी स्वतंत्रपणे कळलेल्या दोन नियमांच्या जोडणीतून. उत्तर समोर होतं, आपण जोडलं नव्हतं. हा आनंद रहस्यकथेचा आहे, आणि तो सँडरसनने अद्भुतात आणला हे त्याचं मोठं काम मी मानतो.

मर्यादेत कथा असते ही गोष्ट आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको. हिरण्यकशिपूला वर मिळाला तो अटींच्या भाषेत, ना दिवसा ना रात्री, ना घरात ना बाहेर. आणि नरसिंह आला तो नेमका त्या अटींच्या फटीतून. ऐकणारं पोर उंबरठा आणि संध्याकाळ आली की थरारतं, कारण अटी त्याला पाठ असतात. पहिला नियम याहून वेगळं काही सांगत नाही.

पण नियमाचं मापकात रूपांतर झालं, आणि चाहत्यांच्या चर्चेत एक खोट शिरली. सँडरसनने स्वतः एका टोकाला नियमबद्ध, दुसऱ्या टोकाला गूढ जादू अशी पट्टी आखली होती आणि दोन्ही टोकांना मान दिला होता. वाचकांनी त्यातली एक बाजू वरची ठरवली. मग गँडाल्फ नेमकं काय काय करू शकतो हे टॉल्किनने सांगितलं नाही, हा दोष ठरतो. अर्सुला ली ग्विनच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'मध्ये, १९६८ साली, जादूला नियम होताच: वस्तूचं खरं नाव कळलं की तिच्यावर सत्ता चालते, आणि प्रत्येक सत्तेने जगाचा तोल हलतो. पण त्या नियमाचं गणित मांडता येत नाही, त्याची जबाबदारी तेवढी वाटते. नियमबद्ध जादू म्हणजे आकडेमोड अशी समजूत झाल्यामुळे हे पुस्तक अनेक नव्या वाचकांच्या यादीत खाली गेलं आहे, याचं मला वाईट वाटतं. सँडरसनचीच 'द एम्परर्स सोल' ही लघुकादंबरी त्यांनी पुन्हा वाचावी. तिच्यात शाई नावाची एक बनावट करणारी कारागीर शिक्के कोरते. वस्तूवर शिक्का उमटवला की तिचा भूतकाळ बदलतो, मात्र तो बदल त्या वस्तूला पटण्याजोगा हवा. शंभरेक दिवसांत तिला एका सम्राटाचा आत्मा कोरायचा आहे. म्हणजे नियम असा झाला की दुसऱ्याला समजून घेतल्याशिवाय काहीच बदलता येत नाही. तैपेईच्या राजवाडा संग्रहालयातल्या मोहरा पाहून सुचलेल्या या कथेला २०१३ साली ह्यूगो पुरस्कार मिळाला. ती 'इलँट्रिस'च्याच ग्रहावर घडते. ते माहीत नसलं तरी तिच्यातलं तसूभरही कमी होत नाही. सँडरसनने याहून चांगलं काही लिहिलेलं मला ठाऊक नाही.

आता क्रमाकडे येऊ. हा वाद सँडरसनच्या कितीतरी आधीचा. सी. एस. लुइसचं 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' १९५० साली आलं. नार्नियाच्या जन्माची कथा सांगणारं 'द मॅजिशियन्स नेफ्यू' १९५५ साली. कथेतल्या काळाप्रमाणे वाचलं तर नंतरचं आधी येतं, आणि १९५७ साली एका मुलाला लिहिलेल्या पत्रात लुइसने स्वतः त्या क्रमाला कौल दिला होता. नव्वदच्या दशकापासून पुस्तकांवरचे आकडेही तसेच छापले जाऊ लागले. तरी मी लुइसचं ऐकणार नाही. कपाटातून आत गेलेली लूसी बर्फाच्या रानात उभा असलेला रस्त्यावरचा दिवा पाहते, तेव्हा तिच्यासारखंच आपल्यालाही काही कळत नसावं. तो दिवा तिथे कसा आला हे आधी वाचून बसलेल्याला लूसीच्या मागे उभं राहून तिच्याआधीच मान डोलवावी लागते. लेखक लिहिताना ज्या क्रमाने वाचकाला कोड्यात टाकतो आणि सोडवतो, तो क्रम पुस्तकांच्या बांधणीतच असतो.

टेरी प्रॅचेटने हा पेच उद्भवूच दिला नाही. 'डिस्कवर्ल्ड'च्या १९८३ ते २०१५ दरम्यानच्या एक्केचाळीस कादंबऱ्यांत पहारेकऱ्यांची, चेटकिणींची, मृत्यूची अशा वेगळ्या वाटा आहेत, आणि कुठूनही शिरलं तरी पुस्तक आपल्याला घरात घेतं. रॉबिन हॉबचं नेमकं उलट. १९९५ ते २०१७ या काळातल्या तिच्या सोळा कादंबऱ्यांत क्रम मोडला तर नुकसान होतं, आणि ते माहितीचं नसून भावनेचं असतं. फिट्झ या नायकाची पहिली त्रयी संपली की पुष्कळ वाचकांना पुढची 'लिव्हशिप ट्रेडर्स' वगळून थेट फिट्झकडे परतायचं असतं, कारण 'लिव्हशिप'मध्ये दुसरा किनारा, दुसरी माणसं आणि बोलणारी जहाजं आहेत. कुटुंबातल्या तीन पिढ्यांचे मृत्यू डेकवर झाले की जहाज जागं होतं, एवढंच सुरुवातीला कळतं. त्या जहाजांच्या लाकडाचं सत्य पुढे कळतं तेव्हा मागची सगळी पुस्तकं वेगळ्या दुःखाने भरतात. हॉबची जादू कुणी तक्त्यात बसवत नाही, तरी तिथेही कळण्याची वेळ हाच सगळा खेळ आहे.

कॉस्मियरचा खरा प्रश्न गेल्या काही वर्षांत उभा राहिला. 'वॉरब्रेकर'मधली बोलणारी तलवार 'स्टॉर्मलाइट'मधल्या 'वर्ड्स ऑफ रेडियन्स'च्या अखेरीस दिसली, तेव्हा ओळखणाऱ्याचा श्वास अडकला आणि न ओळखणाऱ्याला एक विलक्षण तलवार भेटली. दोघांचंही पुस्तक पूर्ण झालं. २०१६ साली 'मिस्टबॉर्न'मधल्या 'द बँड्स ऑफ मोर्निंग'सोबत 'सीक्रेट हिस्टरी' आली. पहिल्या 'मिस्टबॉर्न' त्रयीच्या पडद्यामागे काय चाललं होतं ते तिच्यात आहे, पण तीही ऐच्छिक होती. घाईने त्रयीला जोडून वाचली नाही तर तिचा धक्का टिकतो.

२०२२च्या, 'मिस्टबॉर्न'मधल्याच 'द लॉस्ट मेटल'मध्ये मात्र संकट निवारायला दुसऱ्या ग्रहांवरची माणसं आपापली जादू घेऊन येतात. त्यांतली एक जादू 'द एम्परर्स सोल' वाचलेल्यालाच नीट कळते, आणि एक अशी, की तिच्यावर उभी असलेली कादंबरी तेव्हा बाजारात आलेलीच नव्हती. इथे सँडरसनला त्याचाच पहिला नियम लावून पाहावा. वाचकाला कळलेल्या जादूनेच पेच सुटावा, असं म्हणताना हा वाचक कोणता? हे पुस्तक हातात असलेला, की सगळी पुस्तकं पाठ असलेला? दुसऱ्यासाठी जे नियमबद्ध, तेच पहिल्यासाठी ऐनवेळी आभाळातून पडलेलं साहाय्य. नियम एका पुस्तकापुरता लिहिला होता; विश्व वाढलं आणि तो पुस्तकाबाहेर सांडला. कायदा करणाऱ्याच्याच हातून तो मोडतो आहे, आणि चाहत्यांच्या चर्चेत हे क्वचितच बोललं जातं, कारण चर्चा करणारे सगळे दुसऱ्या गटातले.

'द सनलिट मॅन' (२०२३) त्याच्याही पुढे जातं. सूर्य उगवला की जमीन वितळते आणि गावं अंधाराच्या दिशेने पळत राहतात, ही त्यातली कल्पना थरारक आहे. पण नायक आपली शक्ती चक्क एककांत मोजतो. तो कोण आहे हे 'स्टॉर्मलाइट' वाचल्याशिवाय उमगत नाही, आणि 'विंड अँड ट्रुथ' हा 'स्टॉर्मलाइट'चा पाचवा खंड त्यानंतर, डिसेंबर २०२४ मध्ये आला. प्रकाशनाचा क्रम आतापर्यंत भरवशाचा होता. इथे तोच पुढचं फोडून ठेवतो.

यात वाचकांचाही हात आहे. पुढचं आधीच विचारणाऱ्यांना दिलेलं उत्तर म्हणजे 'रॅफो', आणि हा शब्द रॉबर्ट जॉर्डनचा. वाचा म्हणजे कळेल, या इंग्रजी वाक्याची आद्याक्षरं. जॉर्डनच्या मृत्यूनंतर 'व्हील ऑफ टाइम' पूर्ण करणाऱ्या सँडरसनने तो उचलला आणि स्वाक्षरीच्या रांगेत प्रश्न विचारणाऱ्यांना त्याची छापील कार्डं दिली. पण तो उत्तरंही पुष्कळ देतो, ती टिपली जातात, आणि पुस्तकात नसलेलं ज्ञान पुस्तकाइतकंच प्रमाण मानलं जातं. मार्च २०२२ मध्ये त्याच्या चार नव्या कादंबऱ्यांसाठी १ लाख ८५ हजारांहून अधिक लोकांनी मिळून ४ कोटी १७ लाख डॉलर आगाऊ दिले. एवढा निष्ठावंत वाचक समोर असताना नवख्याचा विसर पडणं मी समजू शकतो. ते कलेच्या हिताचं आहे असं मात्र म्हणणार नाही.

सगळं घसरत चाललंय असंही नाही. 'स्टॉर्मलाइट'च्या 'रिदम ऑफ वॉर'मध्ये (२०२०) शत्रूच्या ताब्यातल्या मनोऱ्यात नवानी ही राणी प्रकाशाच्या दोन जाती एकत्र आणण्याचे प्रयोग करते. काही पानं प्रयोगवहीसारखी कोरडी आहेत. पण तिच्यासोबत काम करणारी शत्रुपक्षाची विदुषी ते ज्ञान आपल्या वेड्या झालेल्या मुलीला कायमची मुक्ती देण्यासाठी वापरते, तेव्हा नियम पुन्हा माणसाच्या हाती येतो. आणि 'ट्रेस ऑफ द एमराल्ड सी' (२०२३) होइड स्वतः सांगतो, तरी ती कुणालाही वाचता येते. बीजाणूंच्या हिरव्या समुद्रावर पाण्याचा थेंब पडला की वेली उसळतात. हे जहाजावर काम करता करता ट्रेस शिकते, आपणही तिच्याबरोबर शिकतो. त्या जादूचं मूळ कॉस्मियरच्या कोणत्या कोपऱ्यात आहे हे जाणकाराला दिसतं; नवख्याला ते हवंच असतं असं नाही.

म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. वाचनक्रमाचे बाण-चौकटींचे तक्ते बाजूला ठेवा. 'द एम्परर्स सोल' किंवा 'द फायनल एम्पायर' घ्या. आवडलं तर 'मिस्टबॉर्न'ची पहिली त्रयी पूर्ण करा, मग 'वॉरब्रेकर', मग 'स्टॉर्मलाइट'. 'सीक्रेट हिस्टरी' 'द बँड्स ऑफ मोर्निंग'नंतर, 'द लॉस्ट मेटल' 'द एम्परर्स सोल'नंतर आणि 'द सनलिट मॅन' 'विंड अँड ट्रुथ'नंतर वाचा. हॉबचं एकही पुस्तक वगळू नका. आणि कुणी पुढचं सांगू लागलं, तर त्याला थांबवा.