दारी हत्ती झुलतो

जुन्या काळी एखाद्याच्या श्रीमंतीचं वर्णन करायचं झालं, की 'त्यांच्या दारी हत्ती झुलतात' असं म्हणत. लहानपणी हे ऐकलं की मला एकच प्रश्न पडे : हत्ती झुलतो ते ठीक आहे, पण त्याच्यापुढे ऊस कोण टाकतो? ज्या मुलाला असले प्रश्न पडतात तो पुढे कॉमर्सला जाणार आणि बँकेत कारकून होणार, हे आमच्या मास्तरांनी तेव्हाच ओळखायला हवं होतं. त्यांनी मला चित्रकलेच्या परीक्षेला बसवलं.

तर सांगायची गोष्ट म्हणजे, २०२५ च्या दसऱ्याला आमच्या दारी हत्ती आला. म्हणजे आमच्या नव्हे, तळमजल्यावरच्या अण्णांच्या. पण आमचं दार आणि त्यांचं दार यांत जेमतेम एक जिना आहे, त्यामुळे झुलणं दोघांच्याही दारी होतं. हत्ती म्हणजे ती नवी उंच गाडी हो! एसयूव्ही. लांबी सुमारे ४.७ मीटर, खुर्च्या सात, आणि माणसं बसली की वजन दोन टनांच्या वर. अण्णांच्या घरात माणसं दोन. अण्णा आणि वहिनी. दोघांचं मिळून वजन मी विचारलं नाही, पण वहिनी एकादशी सोडत नाहीत.

आमचं अपार्टमेंट पुण्याच्या पेठेत आहे. वाडा पाडून ते बांधलं. बिल्डरने वाडा पाडला, बोळ मात्र तसाच ठेवला. या बोळातून पूर्वी दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने दुसऱ्याच्या दारात उभं राहून चहा घ्यावा लागे. अशा बोळातून तो हत्ती आत आला तेव्हा अख्खी पेठ गोळा झाली होती. "येऊ द्या, येऊ द्या... डावीकडे कापा... अहो, तुमची डावी!... बास! बास म्हटलं ना!" गाडीने दोन्ही बाजूंचे आरसे लाजाळूसारखे मिटून घेतले. वीस मिनिटांनी ती पार्किंगमध्ये पोचली. चाकांखाली लिंबं फुटली, पेढे वाटले गेले. अण्णा उतरायला लागले तर दार उघडेना, कारण शेजारी खांब. मग ते मागच्या दाराने उतरले. पंचवीस लाखांच्या गाडीतून माणूस असा मांजरासारखा बाहेर पडलेला मी प्रथमच पाहिला.

आता या कर्जाचे कागद आमच्याच शाखेत, माझ्याच टेबलावरून गेले होते. कर्जाच्या अर्जात 'कर्जाचा उद्देश' असा एक रकाना असतो. अण्णांनी तिथे लिहिलं होतं : 'स्वतःच्या वापरासाठी'. सगळेच तसं लिहितात. तोंडी मात्र प्रत्येकजण कारणं देतो, न विचारता देतो. ज्याला खरोखरच गरज असते तो इतकी कारणं देत नाही, हे मी वीस वर्षांच्या नोकरीत शिकलो आहे. आजारपणासाठी कर्ज मागणारा माणूस एका वाक्यात बोलतो.

पहिलं कारण रस्त्यांचं. "खड्डे बघतोस ना? उंच गाडीच पाहिजे." कबूल. पण त्याच खड्ड्यांवरून आमची ही रोज स्कूटरवर भाजी आणि मुलगी घेऊन जाते. तिने उंच स्कूटर मागितल्याचं मला आठवत नाही. खड्ड्यावर उपाय दोन : खड्डा बुजवणं किंवा पंचवीस लाखांची गाडी घेणं. लोक दुसरा पत्करतात, कारण पहिल्यासाठी अर्ज कुठल्या खिडकीत द्यायचा हे कोणालाच ठाऊक नाही, आणि दुसऱ्यासाठीची खिडकी म्हणजे मी.

दुसरं कारण कुटुंबाचं. "सगळे एकत्र जाता येतं." जातात कोण? शेवटच्या रांगेतल्या दोन खुर्च्या ज्याला गुडघे नाहीत अशा माणसासाठी केलेल्या असतात. वहिनींच्या बहिणी जेजुरीला आल्या तेव्हा एकदा सात माणसं बसली. धाकट्या मावशींना मागून बाहेर काढताना 'येळकोट' तिथेच झाला.

तिसरं कारण डोंगरदऱ्यांचं. जाहिरातीत ती गाडी बर्फातून जाते, वाळवंटातून जाते, नदीतून पाणी उडवीत जाते. आमच्या बोळात नदी फक्त टँकर गळतो तेव्हा येते.

सवयच वाईट! मी दोन महिन्यांची खतावणी मांडली. एकूण दिवस ६०. गाडी उभी, ४१ दिवस. एकटे अण्णा, १५ दिवस. अण्णा आणि वहिनी, ३ दिवस. सात माणसं, १ दिवस, जेजुरी. हिशेब आमच्या हिला दाखवला. ती म्हणाली, "आणि आपला सोन्याचा हार वर्षात किती दिवस बाहेर निघतो, तेही मांडा." मी वही मिटली.

पण मोठ्या गाडीची गरज कोणालाच नसते असं मी म्हणत नाही. आमचं मूळ गाव पाटण तालुक्यात. एसटी गेली की गावात यायला वडाप. वडाप म्हणजे जीप, आणि जीप म्हणजे चौदा माणसं, दोन पोती आणि एक कोंबडी. ड्रायव्हर स्वतः अर्धा बाहेर बसून चालवतो, कारण त्याच्या सीटवर त्याच्याखेरीज दोघेजण असतात. पावसाळ्यात माझ्या चुलतभावाच्या बायकोला रात्री दवाखान्यात नेलं ते वडापनेच. ओढ्याला पाणी होतं. तिथे 'उंच गाडी कशाला' असं विचारणाऱ्याला त्याच ओढ्यात टाकतील. तसंच पिकअपचं. आपल्याकडे पिकअप म्हणजे नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट घेऊन जाणारी गाडी. तिच्या फाळक्यावर 'आई-वडिलांचा आशीर्वाद' लिहिलेलं असतं आणि कर्जाचा उद्देश आत भरलेला उघड दिसत असतो.

माझा मेहुणा अमेरिकेत टेक्सासला असतो. कॉम्प्युटरवर काम करतो. त्याच्याकडेही पिकअप आहे, आमच्या हॉलएवढा. मी फोनवर विचारलं, "काय रे, त्यात नेतोस काय?" जरा वेळ गप्प बसून तो म्हणाला, "दाजी, गणपतीत मंडळाचं मखर नेतो." वर्षातून एकदा. बाकी ३६४ दिवस तो हौदा रिकामा फिरतो.

मग ही एवढी गरज येते तरी कुठून? अशा वेळी कॉमर्सचा माणूस रस्त्याकडे पाहत नाही, कराकडे पाहतो. मी वाचून काढलं, आणि मूळ सापडलं ते कोंबडीत! १९६० नंतरच्या वर्षांत युरोपच्या सामायिक बाजाराने अमेरिकन कोंबड्यांवर जबर कर बसवला. चिडून अमेरिकेने १९६४ पासून बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकवर २५ टक्के जकात लावली. कोंबडीचं भांडण मिटलं, जकात राहिली. बाहेरचे लहान ट्रक अडले आणि तिथल्या कारखानदारांना रान मोकळं मिळालं. पुढे १९७५ च्या कायद्याने गाड्यांना पेट्रोल कमी खाण्याची अट घातली, पण 'हलक्या ट्रक'साठी वेगळी, सैल अट निघाली. झालं! कारखानदारांनी घरगुती गाडीलाच ट्रकची झूल घातली. त्यावर कळस म्हणजे, भारासह ६,००० पौंडांहून जड गाडी धंद्यासाठी घेतली, तर २००३ साली एक लाख डॉलरपर्यंत खर्च पहिल्याच वर्षी उत्पन्नातून वजा दाखवता येई. एसयूव्हीपुरती ती सवलत २००४ मध्ये २५,००० डॉलरवर आणली. म्हणजे गिऱ्हाइकाने गाडी निवडताना डोंगर पाहायचा नाही, वजनकाटा पाहायचा.

आपल्याकडे उलटा न्याय. २००६ च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरच्या आतल्या लहान गाडीला करात सवलत. तेव्हा आपल्या कारखानदारांनी लहान गाडीला पैलवानासारखी छाती काढून उभं केलं. बाहेरून सरदार, आतून आम्ही! २०१७ च्या जीएसटीत खऱ्या मोठ्या गाडीवर कर आणि उपकर मिळून ५० टक्के पडत. २२ सप्टेंबर २०२५ ला, ऐन घटस्थापनेला, ते ४० झाले. अण्णांनी तेव्हाच गाडी घेतली आणि मला सांगितलं, "दहा टक्के वाचवले बघ!" त्यापूर्वी अण्णांच्या मनात स्कूटर बदलण्यापलीकडे काही नव्हतं.

पॅरिसच्या लोकांनी ४ फेब्रुवारी २०२४ ला मतदान करून बाहेरून येणाऱ्या जड गाड्यांचं पार्किंग तिप्पट केलं. शहराच्या मध्यभागी तासाला १८ युरो. मतदान मात्र सहा टक्क्यांच्या आसपासच झालं. हे वाचून मला पॅरिस एकदम आपलं वाटलं. आमच्या सोसायटीच्या सभेलाही तेवढेच येतात.

आता एक कबुली देतो, नाहीतर तुम्ही मला साधुसंत समजाल. अण्णांबरोबर शोरूममध्ये मीही गेलो होतो. विक्रेता पोरगा म्हणाला, "सर, तुम्हीपण बसून बघा ना." पायरी चढून मी सुकाणूमागे बसलो. काय सांगू! काचेतून खाली पाहिलं तर रस्त्यावरून आमच्या शाखेचे मॅनेजर स्कूटरवरून चालले होते. सिग्नलला थांबून त्यांनी हेल्मेट काढून डोकं पुसलं. साहेबांचं टक्कल मला आयुष्यात पहिल्यांदा वरून दिसलं. त्या क्षणी कोणी फॉर्म पुढे केला असता तर मी सही करून मोकळा झालो असतो. खड्डे, कुटुंब, डोंगर ही सगळी नंतर जोडायची कागदपत्रं. मूळ दस्तऐवज हा. चाळीस वर्षं खालून वर पाहिलेल्या माणसाला दिवसातून दहा मिनिटं वरून खाली पाहायला मिळतं. अण्णाही जन्मभर एका कचेरीत साहेबांच्या टेबलापुढे उभे राहिलेले. त्यांना मी कुठल्या तोंडाने हसू?

चौथं कारण मुद्दाम मागे ठेवलं आहे. सुरक्षितता. वहिनी म्हणाल्या होत्या, "यांचं वय झालं, मोठ्या गाडीत जिवाला धोका नाही."

डिसेंबरातली सकाळ. आमच्या आवारात वाड्याच्या वेळचा पारिजातक अजून आहे. उशिराच्या बहराची थोडी फुलं पडली होती. वॉचमनची चार वर्षांची मुलगी ती वेचत वेचत गाडीच्या पुढ्यात आली. अण्णा वर बसलेले, काचा बंद, आत अभंग लागलेला. मी गॅलरीतून पाहत होतो. गाडी सुरू झाली. मी ओरडलो. अण्णांना ऐकू गेलं नाही. त्यांना समोर भिंत दिसत होती, फाटक दिसत होतं, बोळ दिसत होता. फक्त ती दिसत नव्हती. दूधवाल्याने धावत येऊन बॉनेटवर हात आपटला आणि गाडी थांबली. पुढून फ्रॉकचा ओचा धरून ती बाहेर आली. एकही फूल सांडलं नव्हतं. अण्णा खाली उतरले, या वेळी समोरच्याच दाराने, खांबाला खरचटून, आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. त्यांना पाणी पाजावं लागलं.

दुपारी मी हिची शिवणाची टेप घेऊन खाली गेलो. बॉनेटची पुढची कड जमिनीपासून ४१ इंच. मुलीची उंची ३९. अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने २०२३ मध्ये अभ्यास करून सांगितलं आहे, की ज्यांचं बॉनेट ४० इंचांहून उंच, त्या गाड्यांच्या धडकेत पायी चालणारा माणूस दगावण्याची शक्यता, बुटक्या आणि उतरत्या तोंडाच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त असते. आमच्याकडे प्रत्येक रक्कम दोनदा लिहितात. एका खात्यात जमा, तर दुसऱ्या कोणाच्या तरी नावे. अण्णांच्या खात्यात जी सुरक्षितता जमा झाली, ती नावे कोणाच्या पडली हे कुठल्याच अर्जात विचारत नाहीत. आमच्याही नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णा बँकेत आले. पुढच्या खुर्चीत बसून हळूच म्हणाले, "ती विकली तर किती येतील रे?" मी आकडा सांगितला. शोरूमच्या दारातून बाहेर पडल्याबरोबर गाडीची किंमत कशी घसरते हे अण्णांना ठाऊक नव्हतं. ते बराच वेळ माझ्या टेबलावरच्या टाचणीच्या डबीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "राहू दे. पण एक करशील?"

तर सध्या व्यवस्था अशी आहे. अण्णांना गाडी काढायची असली की ते आधी मला हाक मारतात. मी टॉवेल खांद्यावर टाकून खाली येतो, गाडीच्या पुढे उभा राहतो, पोरंबाळं बाजूला करतो आणि टाळ्या वाजवीत बोळाच्या तोंडापर्यंत चालत जातो. मागून दोन टनांचा हत्ती डुलत डुलत येतो. खिडकीतून अण्णा विचारतात, "आहे का कोणी?" मी ओरडतो, "नाही, या!"

शाखेत रोज दहा मिनिटं उशीर होतो. परवा साहेबांनी कारण विचारलं. 'हत्तीपुढे चालत होतो' असं कसं सांगणार? लेखी खुलासा द्या म्हणाले. कागद अजून टेबलावर पडला आहे.