वंशवृक्ष आणि नोंदवही

कॅनडातील फ्रेंचभाषक कुटुंबांच्या पूर्वजांचा शोध घेणारा अभ्यासक आजही केव्हा ना केव्हा एका धर्मगुरूच्या ग्रंथापाशी येऊन पोहोचतो. फादर सिप्रियाँ तांगे (1819–1902) यांचा कॅनेडियन कुटुंबांचा वंशावळकोश 1871 ते 1890 या काळात सात खंडांत प्रसिद्ध झाला. धर्मग्रामांच्या नोंदवह्यांतील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी जुळवून त्यांनी क्विबेकमधील घराणी मूळ पुरुषापर्यंत नेऊन भिडवली. हे सारे हाताने उतरवून काढलेले काम आहे. ग्रंथकाराविषयी पूर्ण आदर बाळगूनच आम्ही त्याचे परीक्षण करू इच्छितो.

प्रथम गुण पाहू. फ्रेंच कॅनेडियनांची आडनावे मोठी चकवणारी आहेत. मूळ आडनावाला ‘दी’ हा शब्द लावून दुसरे नाव जोडण्याची तेथे रीत होती. आपला ‘ऊर्फ’ हा त्याचा जवळचा प्रतिशब्द होय. 1665 मध्ये आलेल्या कारिन्याँ-सालिएर पलटणीतल्या सैनिकांसारख्यांना साँसूसी म्हणजे निश्चिंत, लालिबेर्ते म्हणजे स्वातंत्र्य, अशी टोपणनावे असत. पुढे हीच नावे मुलाबाळांना चिकटली. युदों दी बोल्यो या घराण्याचे काही वंशज युदों राहिले, तर काही बोल्यो झाले. एकाच रक्ताची माणसे अशी दोन नावांनी वेगळी पडली. पुढे पोटासाठी अमेरिकेच्या गिरण्यांत गेलेल्यांपैकी काही ‘रुआ’ मंडळी अर्थानुवादाने ‘किंग’ झाली. तांगे यांनी अखेरच्या खंडात अशा जोडनावांची यादी दिली नसती, तर कित्येकांना आपलेच घर सापडले नसते.

आता उणीव. नक्कल करताना झालेल्या चुका आणि राहून गेलेल्या नोंदी पुष्कळ आहेत. परंतु त्या दुरुस्त होऊ शकतात व झाल्याही आहेत. 1966 पासून माँत्रेआल विद्यापीठात याच नोंदवह्यांवर संशोधन चालू झाले आणि रने जेते यांचा 1730 पर्यंतच्या कुटुंबांचा कोश 1983 मध्ये निघाला. आमचा आक्षेप कोशाच्या मांडणीवर आहे.

नोंदवहीत वधूची नोंद तिच्या माहेरच्या नावाने, आईवडिलांच्या नावांसह होते. मृत्यूनंतरही ते नाव पुसले जात नाही. 1663 ते 1673 या दशकात राजाच्या खर्चाने सुमारे 770 तरुणी क्विबेकमध्ये विवाहासाठी आल्या. बहुतेकींमागे घरचे कोणी नव्हते. तरीही त्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत, त्याचे पुष्कळसे श्रेय या रिवाजाला द्यावे लागेल. कोशात मात्र कुटुंबाचे शीर्षक पतीच्या आडनावाचे. पत्नी त्याच्या खाली, कन्या बापाच्या खाली. आईकडून आजीकडे व आजीकडून पणजीकडे जाऊ पाहणाऱ्या वाचकाला प्रत्येक पिढीला नवे आडनाव आणि बहुधा नवा खंड उघडावा लागतो. वाट बंद नाही, पण ती आडवाट करून ठेवलेली आहे.

हा दोष तांगे यांच्या एकट्याचा नव्हे. वंश म्हणजे बापाचे आडनाव, ही समजूत त्यांच्या काळाची होती. पण ज्या वहीतून त्यांनी लिहून घेतले, ती वही या बाबतीत त्यांच्या कोशापेक्षा अधिक न्यायी होती. क्विबेकच्या कायद्याने 1981 पासून विवाहित स्त्रीने जन्मनावानेच नागरी व्यवहार करावेत असे ठरवले. तेथील धर्मग्रामांच्या कचेऱ्यांत ते नाव तीन शतके लिहिले जातच होते.

म्हणून हा कोश वाचकाने अवश्य हाती घ्यावा, पण मिटण्यापूर्वी एक काम करावे. आपल्या आडनावाचे पान सापडल्यावर समाधान मानू नये; त्या पानावरील पत्नीचे नाव टिपावे आणि तिच्या बापाचे पान उघडावे. दहा पिढ्यांत एक आडनाव टिकते. बाकीची सारी माणसेही आपलीच असतात.