प्रस्तुत संशोधक कोण?

मराठीतल्या संशोधनपत्रिकांकडून परीक्षणासाठी लेख येतात, तेव्हा त्यांवरून लेखकाचे नाव, महाविद्यालय, आभार असे सगळे काढलेले असते. उरतो तो साचा: गोषवारा, बीजशब्द, प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, संशोधनपद्धती, विवेचन, निष्कर्ष, संदर्भ. एका कवीच्या एकाच संग्रहावर लिहिलेले असले तरी साचा हाच. गृहीतकात म्हटलेले असते की या कवितेत सामाजिक जाणीव आहे. दहा पानांनंतर निष्कर्षात तेच वाक्य परत भेटते, फक्त 'आहे'च्या जागी 'असल्याचे दिसून येते' आलेले असते. कोणाला दिसून येते, हे लेखात कुठेच नसते.

लेख पाठवणाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या सूचनांत बहुधा एक ओळ असते: 'मी' टाळावा, 'प्रस्तुत संशोधक' असे लिहावे. शिवाय संदर्भ एपीए शैलीत द्यावेत, अशी दुसरी ओळ. या दोन ओळी एकमेकींच्या शेजारी सुखाने नांदतात, याची मला गंमत वाटते. कारण एपीएची पुस्तिका स्वतःबद्दल लिहिताना प्रथमपुरुषच वापरा, 'लेखकाने असे केले' असे म्हणून आडून बोलू नका, असे सांगते. आपण तिच्याकडून स्वल्पविराम आणि कंस घेतले, 'मी' मात्र तिथेच ठेवून आलो.

प्रयोगशाळेतल्या निबंधात माणूस मागे सरतो त्याला कारण आहे. तोच प्रयोग दुसऱ्या कोणी केला तरी तेच हाती यावे, अशी तिथे अपेक्षा असते. कवितेचे वाचन तसे नसते. ते कोणीतरी, कुठल्यातरी वयात, कुठल्यातरी गावात केलेले असते आणि त्याची जबाबदारी त्या माणसाने घ्यायची असते. 'ही प्रतिमा फसली आहे असे मला वाटते' या वाक्यात धोका आहे, कारण उद्या कोणी विचारू शकते की तुम्हांला का वाटले. 'प्रतिमांच्या वापरात काही मर्यादा आढळतात' या वाक्याला काहीच विचारता येत नाही. नम्रता म्हणून रूढ झालेली ही भाषा मला पळवाट वाटते.

मराठीत याला आणखी एक पदर आहे. बंगालीत किंवा तेलुगूत 'मी वाचते' म्हणताना क्रियापद बाई-पुरुष सांगत नाही. मराठीत सांगते: मी वाचतो, मी वाचते. हिंदीतही तेच. त्यामुळे नाव झाकले तरी क्रियापद झाकता येत नाही. 'मी वाचले', 'मी पाहिले' इथे क्रियापद कर्माकडे वळते म्हणून तेवढा आडोसा मिळतो. 'मी गेले', 'मी म्हणते' आले की तोही जातो. मग उपाय म्हणून 'प्रस्तुत संशोधक' येतो आणि तो व्याकरणाने पुल्लिंगी असतो. 'प्रस्तुत संशोधकाला असे वाटतो' अशी चूक घाईत लिहिलेल्या लेखांत सापडते, तेव्हा हसू येते. पण बाईने लिहिलेल्या लेखात तो 'संशोधक' पानोपानी मिशा लावून वावरतो, त्याचे हसू येत नाही.

जुन्या मराठी समीक्षेत सगळे आलबेल होते असे मला म्हणायचे नाही. 'एका पाश्चात्त्य टीकाकाराने म्हटलेच आहे' असे लिहून पुढे जाण्याची आपली खोड जुनी आहे. कोण तो टीकाकार, कुठल्या पुस्तकात, कुठल्या पानावर, याचा पत्ता नाही. कित्येक चांगले लेख त्यामुळे पुढच्या अभ्यासकाला निरुपयोगी झाले. संदर्भाची शिस्त हवी, आणि ती संशोधनपत्रिकांनी लावली तर मला आनंद आहे. मात्र शिस्त आणि 'मी' एकत्र राहू शकत नाहीत, हे मला मान्य नाही. इरावतीबाई कर्व्यांचे 'युगान्त' (१९६७) पाहावे. महाभारताची कुठली संहिता आधाराला घेतली आहे, तर भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती, हे त्या स्पष्ट सांगतात. आणि त्या संहितेसमोर स्वतः उभ्या राहून गांधारीबद्दल, कुंतीबद्दल आपले मत देतात. वाचकाला दोन्ही तपासता येते: पाठ आणि बाई. या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यातले एखादे प्रकरण आज संशोधनपत्रिकेकडे पाठवले तर 'संशोधनपद्धती नमूद नाही' म्हणून परत येईल, अशी मला जवळजवळ खात्री आहे.

बरे, जी शिस्त आपण घेतली ती तरी मराठीच्या मापाची आहे का? एपीएत लेखकाचे आडनाव आणि आद्याक्षर एवढेच राहते. 'व्यासपर्व' (१९६२) लिहिणाऱ्या दुर्गा भागवत 'भागवत, दु.' होतात. एमएलए शैली पूर्ण नाव ठेवते आणि ती साहित्याच्या अभ्यासकांसाठीच घडलेली आहे, तरी आमच्याकडे मानसशास्त्रज्ञांची शैली आली. कुसुमाग्रजांना आडनाव नाही. त्यांच्या कविता 'क'खाली जातात आणि 'नटसम्राट' शिरवाडकरांच्या नावावर 'श'खाली. यादीपुरते एकाच माणसाचे दोन लेखक होतात. 'ग्रेस' हे आडनाव की नाव, हे संदर्भाच्या सॉफ्टवेअरला कसे सांगणार? जुन्या पुस्तकावर शके असतो. अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत एकोणऐंशी मिळवावे लागतात. माघ, शके १८२० म्हणजे १८९९, १८९८ नव्हे.

आणि दिवाळी अंक. मराठीतली कितीतरी मोलाची समीक्षा दिवाळी अंकांत आली आहे. त्यांना अनेकदा खंड-अंक क्रमांक नसतो, डीओआय तर नसतोच. एका पत्रिकेच्या संपादकांनी मला कळवले होते की दिवाळी अंकातले लेख 'अशैक्षणिक स्रोत' आहेत, ते शक्यतो टाळावेत. म्हणजे ज्या लेखाने एखाद्या कादंबरीकडे पाहण्याची आपली नजर बदलली, तो स्रोत नाही. त्या लेखाचे चार परिच्छेद शब्द फिरवून घेणारा शोधनिबंध मात्र स्रोत.

असे शोधनिबंध का निपजतात हे सर्वांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. नोकरी आणि बढती छापील लेखांच्या संख्येला बांधली गेली. पीएच.डी.आधी लेख छापण्याची सक्ती २०२२च्या नियमांत गेली, पण सवय गेली नाही. २०१८ साली यूजीसीने आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके एका फटक्यात काढली. पुढे आलेली 'केअर' यादीही २०२५मध्ये बंद झाली. वाङ्मयचौर्याच्या नियमात दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य माफ आहे आणि नाव देऊन घेतलेले अवतरण त्यात मोजायचे नाही. प्रत्यक्षात काव्यसमीक्षेतल्या कविताच यंत्रात पकडल्या जातात. उलट लेख कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर यंत्राला मराठी दिसतच नाही, रोमन अक्षरांचा ढीग दिसतो. साम्य शून्य.

गोषवाऱ्याचेही असेच. चांगला समीक्षालेख लिहिता लिहिता आपले मत बदलतो. तिसऱ्या पानावरची खात्री सातव्यावर डळमळते, आणि वाचकाला हवे असते तेच. दोनशे शब्दांत निकाल आधी सांगून टाकायचा म्हटल्यावर डळमळायला जागा राहत नाही. पोस्टाने हस्तलिखित जात असे तेव्हा संपादकाला एक पत्र जोडलेले असे: 'हा लेख असा असा सुचला, दुसऱ्या भागाबद्दल मी साशंक आहे.' त्या पत्रात लेखक भेटत असे. आता पीडीएफ जाते.

गेल्या वर्षी जात्यावरच्या ओव्यांवरचा एक लेख परीक्षणाला आला होता. साचा चोख, 'प्रस्तुत संशोधक' जागच्या जागी. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी जमवलेल्या, लाखावर भरणाऱ्या ओव्यांच्या संग्रहाचा संदर्भ नीट दिलेला. ओव्या सांगणाऱ्या बायांना लेखभर 'निवेदक क्र. १', 'निवेदक क्र. २' असे म्हटले होते. ओवीत बाई स्वतःचे, भावाचे, गावाचे नाव घालते, हे त्याच लेखात दोन पानांपूर्वी सांगून झाले होते. विवेचनाच्या मध्यावर एक वाक्य मात्र निसटले होते: आजीकडून मी हीच ओवी वेगळ्या शेवटासह ऐकत आले आहे. पुढचा दीड परिच्छेद त्या दोन शेवटांवर होता आणि अख्ख्या लेखात तेवढाच भाग नवा होता.

परीक्षणाच्या नमुन्यात 'लेखकाची ओळख उघड करणारा मजकूर असल्यास दर्शवावा' असा रकाना होता. तो मी कोरा ठेवला. खाली, संपादकांसाठीच्या जागेत लिहिले की दीड परिच्छेदाची पाच पाने करायला सांगा, निवेदकांना त्यांची हरकत नसेल तर त्यांची नावे द्या, आणि 'आले आहे' तसेच राहू द्या.