टिकली लावली आणि अपघात घटले

मुंबई-अहमदाबाद महामार्ग वसई-विरारच्या पूर्व कडेने जातो. त्याच्या एका अंगाला तुंगारेश्वरचा डोंगर आणि पायथ्याचे पाडे, दुसऱ्या अंगाला कारखाने आणि शहर. पाड्यांवरच्या माणसांना कामासाठी, बाजारासाठी, शाळेसाठी हा रस्ता ओलांडावाच लागतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी याच महामार्गावर, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर, सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला आणि साऱ्या देशाचे लक्ष इकडे वळले. त्या वेळी महामार्ग पोलिसांनी दिलेल्या आकड्यांप्रमाणे घोडबंदर ते दापचरी या सुमारे १०० किलोमीटरमध्ये त्या वर्षी तोवर २६२ अपघात होऊन ६२ माणसे दगावली होती. वसईतल्या चिंचोटी परिसरातच मृत्यूंचा आकडा २५ होता. बड्या माणसाच्या अपघातानंतरच हे आकडे ठळकपणे छापले जावेत, हे आम्हांला खटकले. असो.

अशा बातम्यांनंतर सुधारणा होतात: फलक लागतात, दिवे लागतात, दुभाजकातली फट बुजवली जाते. वर्षभराने सांगण्यात येते की अपघात इतके टक्क्यांनी घटले. आमचा आक्षेप सुधारणांना नाही, या शेवटच्या वाक्याला आहे.

दुरुस्तीची जागा निवडतात कशी ते पाहा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या व्याख्येनुसार सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, किंवा १० मृत्यू झाले, की ती जागा 'ब्लॅक स्पॉट' ठरते. म्हणजे ज्या जागेची वर्षे वाईट गेली, तीच यादीत येते. आता हा खेळ वर्गात करून पाहा.

३६ मुलांना प्रत्येकी दोन फासे टाकायला सांगा. बेरीज म्हणजे 'गेल्या वर्षीचे अपघात'. १० किंवा अधिक बेरीज आलेली मुले 'ब्लॅक स्पॉट'. अशी साधारण ६ निघतील. त्यांच्या वहीवर एकेक लाल टिकली चिकटवा. ही झाली सुधारणा! मग त्या सहा जणांना पुन्हा फासे टाकू द्या. पहिल्या वेळी त्यांची सरासरी १०.७ च्या आसपास होती, आता ती ७ च्या आसपास येईल. टिकलीने अपघात एक तृतीयांशाने घटवले की नाही? (एखादा चौकस विद्यार्थी टिकली न लावताही हेच होईल म्हणेल. त्याला शाबासकी द्या.)

याला संख्याशास्त्रात सरासरीकडे परतणे म्हणतात. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये उंच आईबापांची मुले सरासरीने त्यांच्याइतकी उंच नसतात हे दाखवले, तोच हा प्रकार. तीन वर्षांचे आकडे घेतल्याने दोष कमी होतो, पण जात नाही. वर्षाला सरासरी ४ गंभीर अपघात होणाऱ्या नाक्यावर काहीही न बदलता एका वर्षी ६ आणि पुढच्या वर्षी २ होऊ शकतात. त्या ६ वर बोट ठेवून नाका दुरुस्त केला, तर २ चे श्रेय फलकाला मिळते. मग तोच फलक इतर नाक्यांवरही लागतो, आणि पादचारी पूल हवा होता तिथे माणसे धावतच रस्ता ओलांडत राहतात.

वसईपुरते बोलायचे तर आणखीही घोळ आहेत. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे वाहनेच कमी होती. २०२३ मध्ये वर्सोव्याचा नवा खाडीपूल खुला झाला. पुढे दहिसर ते तलासरी सुमारे १२१ किलोमीटरवर काँक्रीटचा थर देण्याचे काम चालू असताना गाड्या तासन्‌तास तुंबून राहत. तुंबलेल्या रस्त्यावर जोराची टक्कर होणार कशी? त्या काळात मृत्यू घटले असतील, तर ते कोणाच्या खात्यावर मांडायचे?

याउलट मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पाहा. तिथे २०१६ मध्ये १५१ मृत्यू झाले होते. त्यानंतर रस्ते विकास महामंडळ, पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी मिळून बरेच उपाय केले. मृत्यूंचा आकडा २०१७ मध्ये १०५, २०१८ मध्ये ११०, २०१९ मध्ये ९२, २०२० मध्ये ६६ आणि २०२१ मध्ये ८८ झाला. १५१ सारख्या आकड्यात निव्वळ योगायोगाने होणारा चढउतार त्याच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे १२ च्या आसपास असतो. तेव्हा इथली घट खरीच मानावी लागते. मात्र ६६ हा टाळेबंदीच्या वर्षाचा आकडा यश म्हणून मिरवणे बरोबर नाही, आणि कठडे, पोलीस, रुग्णवाहिका यांतल्या कशाने किती जीव वाचले हे या आकड्यांतून कळत नाही.

मग मोजायचे कसे? एझ्रा हॉअर यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात सांगितलेला प्रश्न आम्हांला योग्य वाटतो: सुधारणा केली नसती, तर या जागी किती अपघात झाले असते? त्यासाठी तशाच पण दुरुस्त न केलेल्या नाक्यांचे आकडे आणि वाहनांची मोजदाद हाताशी लागते. चिंचोटीच्या बाबतीत दुरुस्तीची तारीख, आधीची पाच व नंतरची तीन वर्षे, आणि याच रस्त्यावरच्या दुसऱ्या नाक्याचे तेवढेच आकडे लोकांपुढे आले, तर दहावीचा विद्यार्थीही त्यांची तपासणी करील.

मृत्यू मोजत तीन वर्षे थांबण्याऐवजी वेगही मोजता येतो. ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीची गतिज ऊर्जा ७८ टक्के जास्त असते. पादचारी पुलावर किंवा रस्त्यापासून दूरच्या गच्चीवर, शिक्षकांच्या सोबतीनेच, उभे राहा. १०० मीटर अंतरावरच्या दोन खुणा ठरवा आणि घड्याळ लावा. ४.५ सेकंद लागले तर वेग ताशी ८० किलोमीटर. अशा १०० गाड्या सुधारणेच्या आधी मोजा आणि सहा महिन्यांनी पुन्हा १०० मोजा, त्याच वारी, त्याच वेळी.