परक्या गावातला नाताळ : दोन प्रवासी आणि दोन हरवलेली पाने

प्रवासवर्णनात नाताळ आला की चांगल्या चांगल्या लेखकांची लेखणी सैल पडते. बर्फाचे चार कण, दिव्यांच्या माळा, चौकातले उंच झाड, मसाला घातलेल्या ऊन वाइनचा वास, दुरून ऐकू येणारा घंटानाद आणि शेवटी घरच्यांची आठवण, एवढ्या सामग्रीवर प्रकरण उरकले जाते. लेखक रस्त्यावर उभा असतो आणि सण खिडकीच्या काचेपलीकडे चाललेला असतो. अशी पाने वाचताना डोळे सुखावतात, पण नाताळ झाल्यासारखे वाटत नाही.

हा दोष केवळ भाषेचा नाही. तो लेखकाने स्वतःसाठी निवडलेल्या जागेचा आहे. परदेशात हिंडणाऱ्याला डिसेंबर उजाडला की एक प्रश्न पडतोच : यंदाचा नाताळ कुठे करायचा? न्यूरेंबर्गच्या बाजारात की फिनलंडमधल्या रोव्हानिएमीला? ऑस्ट्रियातल्या ओबेर्नडोर्फला, जिथे १८१८ साली योसेफ मोर या धर्मगुरूचे आणि फ्रान्झ ग्रूबर या शिक्षकाचे 'शांत रात्र' हे गीत प्रथम गायिले गेले? की थेट बेथलेहेमला? आज आपल्या धर्मग्रामांतील मुलेमुलीही पाठीवर पिशवी टाकून युरोप पाहायला निघतात, आणि हा प्रश्न घराघरांत दूरध्वनीवरून चर्चिला जातो. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर साहित्यात कुणी कसे दिले आहे, हे पाहणे अप्रस्तुत ठरू नये. त्यासाठी मी दोन पुस्तके निवडली आहेत. त्यांच्यात जवळजवळ सोळा शतकांचे अंतर आहे. एकाचा लेखक अठरा वर्षांचा इंग्रज भटक्या, तर दुसरे एका धर्मनिष्ठ स्त्रीने आपल्या भगिनींसाठी लिहिलेले.

पहिले पुस्तक पॅट्रिक ली फर्मर यांचे 'अ टाइम ऑफ गिफ्ट्स'. शाळेतून काढून टाकलेला हा तरुण डिसेंबर १९३३ मध्ये लंडनहून निघाला. हॉलंडच्या किनाऱ्यापासून कॉन्स्टंटिनोपलपर्यंत पायी जायचे, असा त्याचा निश्चय होता. खर्चाला आठवड्याला सुमारे एक पौंड. पिशवीत कपड्यांबरोबर इंग्रजी कवितांचा एक संग्रह आणि होरेसचा एक खंड. निघाल्यानंतर दोनएक आठवड्यांतच नाताळ आला, तेव्हा तो ऱ्हाईनकाठच्या बिंगेन या गावी पोहोचला होता. संत हिल्डेगार्डच्या नावाशी जोडले गेलेले हेच ते बिंगेन. तिला २०१२ साली पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी धर्मपंडिता म्हणून घोषित केले.

फर्मरने बिंगेन निवडले नव्हते. पाय तिथवर पोहोचले आणि सण आला, इतकेच. तिथल्या उतारशाळेत त्या रात्री तो एकटाच गिऱ्हाईक होता. मालकाच्या कुटुंबाने त्याला कोपऱ्यातल्या टेबलावर बसवून ठेवले नाही. झाड सजवायला बोलावले, मेणबत्त्या लावल्या आणि आपल्याबरोबर गायला घेतले. घरातल्या एका मुलीने त्याला चंदेरी कागदात गुंडाळलेले एक संत्रे आणि सिगारेटचे एक पाकीट दिले. त्याच्यापाशी मात्र परत द्यायला काही नव्हते. आपणही कागदात गुंडाळून, फीत बांधून काहीतरी आणायला हवे होते, अशी रुखरुख तो नोंदवतो.

फर्मर हा अलंकारिक गद्याचा लेखक. याच पुस्तकात पुढे डॅन्यूबकाठचा मेल्क येथील मठ येतो, तेव्हा त्याचे वाक्य घुमटासारखे चढत जाते आणि शब्दांचा सुवर्णमुलामा वाचकाला दिपवून टाकतो. बिंगेनला मात्र त्याने हात आवरला आहे. प्रसंग थोडक्यात सांगितला आहे आणि त्यात सर्वांत ठळक राहते ते ते संत्रे. मला हा त्याच्या कलेचा मोठा पुरावा वाटतो. मेल्कच्या वैभवापुढे तो प्रेक्षक आहे आणि प्रेक्षकाला शब्द लागतात. बिंगेनला तो पाहुणा आहे. पाहुण्याने घराचे फार वर्णन करू नये, ही जुनी रीत त्याने पाळली आहे.

ही सहजता त्याला कुठून आली, याचे उत्तर पुस्तकाच्या प्रारंभी, झॅन फील्डिंग या मित्राला लिहिलेल्या पत्रात सापडते. त्याचे वडील लुईस ली फर्मर भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्यात होते. नागपूर-भंडारा-बालाघाट पट्ट्यातील मँगनीजविषयीचा त्यांचा १९०९ सालचा ग्रंथ भूगर्भशास्त्रज्ञांना परिचित आहे. १९१५ साली पॅट्रिकचा जन्म झाला आणि थोड्याच काळात आई मुलीला घेऊन हिंदुस्थानात परतली. युद्धाच्या दिवसांत बोटी बुडवल्या जात होत्या, म्हणून तान्ह्या मुलाला नॉर्दॅम्प्टनशायरमधल्या एका कुटुंबात ठेवण्यात आले. तिथे तो सुमारे चार वर्षांचा होईपर्यंत अतिशय सुखात वाढला. म्हणजे परक्यांची चूल ही या लेखकाच्या आयुष्यातली पहिली चूल होती. बिंगेनच्या उतारशाळेत तो नवखा होता, पण परक्या घरात मायेने सामावले जाणे त्याला नवे नव्हते.

इथे एक कठोर प्रश्न विचारणे भाग आहे. वर्ष १९३३ आहे. जानेवारीत हिटलर सत्तेवर आला आहे. जर्मनीत शिरल्यावर पहिल्याच मोठ्या गावात, गोख येथे, फर्मरने तपकिरी गणवेशातली पथके संचलन करताना पाहिली आहेत. रात्री खानावळीत तीच माणसे गोड गळ्याने जुनी गाणी गाताना ऐकली आहेत. हे सूर आणि ती दांडगाई यांची सांगड घालणे कठीण आहे, हे त्याला तिथे जाणवते. बिंगेनमध्ये मात्र तो ही शंका बरोबर घेऊन येत नाही. झाडाभोवती गाणाऱ्यांपैकी कोण पुढे काय करणार होते, याचा विचार त्या पानावर नाही. काही वाचकांना हा भाबडेपणा वाटेल, आणि ते मत अगदीच उडवून लावता येणार नाही. लेखकाने पुस्तक लिहिले तेव्हा युद्ध होऊन गेले होते आणि तो स्वतः क्रीटच्या डोंगरांत जर्मनांविरुद्ध लढला होता. त्याला सारे ठाऊक होते. तरीही त्याने ते संत्रे कडू केले नाही. ज्या घराने दिले त्या घराचे देणे जसेच्या तसे नोंदवायचे आणि न्यायनिवाडा गोखच्या पानावर ठेवायचा, अशी ही विभागणी आहे. ती मला प्रामाणिक वाटते. मात्र वाचकाने गोख विसरून बिंगेन वाचू नये.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. जानेवारी १९३४ मध्ये म्युनिक येथील युवकनिवासातून फर्मरची पिशवी चोरीला गेली. तीत पैसे व पारपत्र होते आणि तोवरची रोजनिशीही होती. म्हणजे बिंगेनच्या नाताळाचे मूळ पान नाहीसे झाले. पुस्तक प्रकाशित झाले १९७७ साली. चव्वेचाळीस वर्षे एक संत्रे आठवणीत टिकले, आणि आपल्यापाशी द्यायला काही नव्हते ही रुखरुखही टिकली. जे स्मरणातून गळले ते गळले. उरले ते ऋण.

दुसरे पुस्तक एजेरियाचे. ही स्त्री बहुधा स्पेनच्या वायव्य भागातली किंवा गॉलमधली असावी. इसवी सन ३८१ ते ३८४ च्या सुमारास तिने सिनाय पर्वत, ईजिप्त, पवित्र भूमी, एदेसा अशी भ्रमंती केली, जेरुसलेममध्ये तीन वर्षे मुक्काम केला आणि मायदेशातील भगिनींना साध्या, बोलीच्या वळणाच्या लॅटिनमध्ये वृत्तान्त लिहून पाठवला. सातव्या शतकात वालेरियुस नावाच्या मठवाशाने तिच्या धैर्याची स्तुती केली आहे. पुढे तिचे लेखन जवळजवळ विस्मृतीत गेले. १८८४ साली इटलीतील अरेझ्झो येथे गामुर्रीनी या अभ्यासकाला अकराव्या शतकातील एक हस्तलिखित सापडले. त्याचा आरंभ नाही, शेवट नाही आणि मधलीही काही पाने नाहीत.

एजेरियाने आपला सण कुठे करायचा हे पुरते ठरवले होते. जिथे घटना घडली तिथेच तिला उभे राहायचे होते. प्रत्येक स्थळी ती एकच क्रम पाळते : प्रार्थना, त्या स्थळाशी निगडित पवित्र वचनांचे वाचन, एक स्तोत्र आणि पुन्हा प्रार्थना. डोंगर किती उंच, पाणी किती गोड, हे ती सांगते, पण ओझरते. आधुनिक वाचकाला तिची पुनरुक्ती कंटाळवाणी वाटते, आणि केवळ प्रवासवर्णन म्हणून पाहिले तर ती आहेच. पण भगिनींसाठी लिहिणाऱ्या या स्त्रीला दृश्य दाखवायचे नव्हते. त्यांना घरबसल्या तोच क्रम पाळता यावा, असे तिला वाटत असावे.

रोममध्ये चौथ्या शतकाच्या मध्यापर्यंत २५ डिसेंबर हा जन्मोत्सवाचा दिवस रूढ झाला होता. जेरुसलेममध्ये मात्र तेव्हा ६ जानेवारीलाच, प्रकटीकरणाच्या सणाला, हा उत्सव होई. आर्मेनियन चर्च आजही दोन्ही सण एकत्रच पाळते, आणि जुन्या पंचांगामुळे बेथलेहेममध्ये आर्मेनियनांचा नाताळ १८-१९ जानेवारीला येतो. त्या काळी आदल्या रात्री जेरुसलेमची मंडळी बिशपांसह बेथलेहेमला जागरणासाठी जात. एजेरियाने त्या रात्रीचे वर्णन लिहिले असणार. नेमके तेच पान हरवले आहे! मजकूर पुन्हा सुरू होतो तेव्हा मिरवणूक बेथलेहेमहून परतत असते. पायी चालणाऱ्या मठवाशांसाठी सारे हळूहळू चालतात आणि जेरुसलेमला पोहोचतात तेव्हा अजून उजाडलेले नसते, पण माणसाला माणूस ओळखू येऊ लागलेला असतो.

माझ्या मते तिच्या लेखनातील हे सर्वांत सुंदर स्थळ आहे, आणि ते सुंदर करण्याचा तिचा मुळीच हेतू नव्हता. तिला फक्त वेळ सांगायची होती. पुढे दिव्यांनी उजळलेल्या पुनरुत्थानाच्या मंदिरात स्तोत्र व आशीर्वाद होतो, लोक विश्रांतीसाठी घरी जातात आणि मठवासी उजाडेपर्यंत गात राहतात. मग ती सोने, रत्ने, रेशमी पडदे यांविषयी लिहिते. सम्राट कॉन्स्टंटाइनने आपल्या आईच्या देखरेखीखाली घडवलेले ते वैभव आहे. पण आपल्या स्मरणात राहते ती त्या पायी चालणाऱ्यांसाठी मंदावलेली मिरवणूक.

एजेरिया तिथे परकी होती का? ती लिहिते की बिशप ग्रीकमध्येच बोलतात आणि एक धर्मगुरू त्याचे सिरियाक भाषेत रूपांतर करतो. ज्यांना केवळ लॅटिन येते त्यांना, खिन्नता वाटू नये म्हणून, ग्रीक-लॅटिन जाणणारे बंधू-भगिनी समजावून देतात. जेरुसलेमच्या त्या चर्चने परक्यांसाठी दुभाषे उभे केले होते. बिंगेनच्या घराने संत्रे दिले, जेरुसलेमने भाषा दिली.

आता दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून पाहू. एजेरिया निवडते, फर्मर निवडत नाही. एजेरियाकडे उपासनेचा क्रम आहे आणि तो पाठ असल्याने ती कुठेही घरची होते. फर्मरकडे तसे काही नाही. त्याला कुणीतरी आत घ्यावे लागते. म्हणून निष्ठेच्या मापाने एजेरिया वरचढ ठरेल. पण नाताळाच्या मूळ कथेशी फर्मरचा प्रसंग अनपेक्षितपणे जुळतो. त्या कथेतल्या जोडप्यालाही गाव निवडता आले नव्हते, नावनोंदणीच्या हुकुमाने ते तिथे आले होते. फरक इतकाच की बिंगेनच्या उतारशाळेत जागा मिळाली. फर्मर स्वतः ही तुलना ओढूनताणून करीत नाही, हेही त्याच्या बाजूने सांगायला हवे. पुस्तकाचे नाव मात्र त्याने लुई मॅक्नीस यांच्या 'ट्वेल्फ्थ नाइट' या कवितेवरून घेतले. ती बारावी रात्र म्हणजे तीन राजांच्या सणाची पूर्वसंध्या, एजेरिया बेथलेहेमला जागली तीच. देण्याचा हंगाम सरल्याची जाणीव त्या नावात आहे.

मग नाताळ कुठे करावा? स्थळांच्या याद्या या प्रश्नाला पुऱ्या पडत नाहीत. बेथलेहेमला जावे, पण २०२३ आणि २०२४ साली गाझातील युद्धामुळे तिथली सार्वजनिक रोषणाई रद्द झाली आणि मिस्सा तेवढी झाली, हे ध्यानात ठेवून जावे. रोषणाईसाठी गेलेल्याला त्या वर्षी बेथलेहेममध्ये काहीच दिसले नसते. एजेरियाला मात्र काही कमी पडले नसते. बाजार पाहायचे असतील तर तेही पाहावेत. परंतु ज्या गावी आपण कुणाकडून काही घेऊ शकू आणि जिथे रिकाम्या हातांची थोडी लाज वाटेल, ते गाव अधिक चांगले. आपल्या मुलांना सांगण्यासारखी गोष्ट हीच आहे. जवळचे चर्च शोधा, भाषा येत नसली तरी मिस्सेला बसा आणि कुणी जेवायला बोलावले तर संकोच करू नका. जाताना मात्र हातात एखादी छोटी भेट असू द्या.

याची दुसरी बाजू आपल्याकडे पाहणारी आहे. आपल्या धर्मग्रामांतही नाताळच्या रात्री मागच्या बाकावर परगावची माणसे असतात : झारखंडची मुलगी, केरळची परिचारिका, बांधकामावर आलेला ओडिशाचा तरुण. त्यांनीही हे गाव निवडलेले नाही. कामाने त्यांना इथे आणले आहे. मिस्सा संपल्यावर आपण घाईने घरी वळतो, तेव्हा त्यांच्या आठवणीत वसईचे किंवा मुंबईचे कोणते पान उरते? त्यांच्यापैकी कुणी चाळीस वर्षांनी लिहायला बसले, तर गव्हाणीच्या देखाव्याला चार ओळी मिळतील, आणि कुणी बशीभर करंज्या हातात ठेवल्या असतील तर त्यांना सबंध परिच्छेद मिळेल.

आपल्या नियतकालिकांतून परदेशप्रवासाचे लेख पुष्कळ येतात. त्यांत बॅसिलिकांची उंची असते, खिडक्यांवरील रंगीत काचांची शतके असतात. ती माहिती असावीच. पण नाताळाच्या पानावर तरी लेखकाने थोडे थांबून, त्या दिवशी आपल्याला कुणी आत घेतले आणि काय दिले, हे सांगावे. वाचकाला त्या गावाचा नाताळ त्यातूनच कळेल.