रुंद मैदान, अरुंद फाटक

गोल्फची स्टिक मी आयुष्यात हातात धरलेली नाही. तरी दर एप्रिलमध्ये एका रविवारी रात्रभर जागून मोबाइलवर ‘मास्टर्स’ बघतो आणि सोमवारी ऑफिसात जांभया देत बसतो. खेळापेक्षा मला ते मैदान बघायचं असतं. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं ऑगस्टा नॅशनल.

त्याचं बारावं होल घ्या. लांबी फक्त १५५ यार्ड, पार तीन. म्हणजे एका फटक्यात ग्रीन गाठायचं आणि आणखी दोन फटक्यांत चेंडू आत. पण ग्रीन आडवं आणि चिंचोळं आहे, पुढ्यात ओढा आहे, वारा झाडांमध्ये कुठूनही फिरतो. २०१६मध्ये जॉर्डन स्पीथ शेवटची नऊ होल्स सुरू करताना पाच फटक्यांनी पुढे होता. इथे त्याचे दोन चेंडू पाण्यात गेले, सात फटके लागले आणि स्पर्धा हातची गेली. २०१९मध्ये आघाडीवरच्या मोलिनारीचा चेंडूही ओढ्यात गेला. टायगर वुड्सने मात्र उजवीकडच्या झेंड्याचा मोह सोडून ग्रीनच्या डाव्या, सुरक्षित भागात चेंडू टाकला. जिंकलाही तोच.

सुरक्षित वाट सगळ्यांना दिसत असते. ती निवडणं अवघड जातं, आणि मला वाटतं, या डिझाइनचं मोठेपण त्यातच आहे.

अ‍ॅलिस्टर मॅकेंझी आणि बॉबी जोन्स यांनी एका जुन्या नर्सरीच्या जागेवर हे मैदान आखलं. ते १९३३मध्ये खुलं झालं. बंकर मोजके, फेअरवे रुंद, कडेला उंच गवत नाही. पट्टीच्या खेळाडूने धोका पत्करावा, साध्या खेळाडूने वळसा घालून जावं, आणि मजा दोघांनाही यावी, असा तो विचार होता.

१९९७मध्ये वुड्स बारा फटक्यांच्या फरकाने जिंकला. पुढच्या काही वर्षांत कडेला गवत वाढवलं गेलं, झाडं लावली गेली, लांबी वाढली. आज मैदान साडेसात हजार यार्डांच्या वर गेलंय. तेरावं होल २०२३मध्ये ५१० वरून ५४५ यार्ड केलं, ते मला पटतं. दुसऱ्याच फटक्यात ओढा ओलांडायचा की अलीकडे थांबायचं, हा प्रश्न लांब मारणाऱ्यांपुढे उरलाच नव्हता. तो परत आला. गवत आणि झाडांनी मात्र वाटा कमी केल्या. आम्ही कोडमध्ये असंच करतो. एका हुशार युजरला रोखायला पॅच मारतो आणि अडकतात बाकीचे.

पण हे ‘बाकीचे’ आत होते तरी कधी? मास्टर्समध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, ली एल्डर, उतरला तो १९७५मध्ये. क्लबने पहिला कृष्णवर्णीय सभासद घेतला १९९०मध्ये. स्त्रियांना सभासदत्व मिळालं थेट २०१२मध्ये. प्रत्येकाला आपली वाट देणारं मैदान या क्लबने बांधलं, आणि त्या वाटेवर पाऊल कोणी ठेवायचं हे फाटकावर ठरवलं. ऑगस्टाच्या डिझाइनचं कौतुक करताना आपण पहिल्या टीपासून सुरुवात करतो. ती फाटकापासून करायला हवी.